सॉरी म्हणते, पण वाकत नाही

आपल्यात कवितेची समीक्षा होते. आत्मकथनाची तर इतकी झाली की मूळ पुस्तकापेक्षा समीक्षेची पानं जास्त भरली. पण गाण्याची समीक्षा कुणी करत नाही. वामनदादांचं गाणं ज्या वस्तीत पोचलं तिथं आपल्या एकाही मासिकाचा अंक पोचलेला नाही, ही गोष्ट आपण मान्य करतो आणि लगेच पुन्हा कवितेकडे वळतो. कारण उघड आहे. कविता चर्चासत्रात जाते, गाणं नाक्यावर जातं. नाक्यावरच्या मालाला समीक्षक कशाला लागतो, असं आपल्याही डोक्यात कुठंतरी बसलेलं आहे. हे डोकं प्रस्थापितांचं आहे, फक्त आपल्या धडावर बसवलेलं.

म्हणून या अंकात मी एका गाण्याविषयी लिहिणार आहे. जेमतेम काही मिनिटांचं गाणं. तेही मराठी नाही, तमिळ. चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडचं. गाण्याचं नाव 'आय ॲम सॉरी अय्यप्पा', साल २०१८, गायिका इसैवाणी.

तमिळ मला येत नाही. अर्थ मी दुसऱ्यांकडून समजून घेतला. पण आवाजाला अर्थाआधी एक अर्थ असतो. बाळाला शब्द कळायच्या आधी आईचा राग कळतो, तसा. माझं म्हणणं मुख्यतः त्या आवाजाबद्दल आहे.

आधी बँडचं थोडं सांगतो, कारण आपल्या पोरांना लंडन-अमेरिकेचे बँड तोंडपाठ असतात, आणि दादरहून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या मद्रासमधल्या आपल्याच माणसांची खबर नसते.

सिनेमा दिग्दर्शक पा. रंजित — 'कबाली' आणि 'काला'वाला, ज्यातला 'काला' आपल्या धारावीवर आहे — त्याचं नीलम कल्चरल सेंटर आणि तेनमा हा संगीतकार, यांनी मिळून हा बँड उभा केला. एकोणीस जण. त्यात गाना गाणारे, रॅप करणारे, गिटारवाले, ड्रमवाले, आणि पराई-सट्टी वाजवणारे. सुरुवातीच्या त्या ताफ्यात बाई एकच : इसैवाणी. पहिला जाहीर कार्यक्रम ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईच्या किलपॉक भागात झाला. सगळे सुटाबुटात मंचावर आले. सूट का, हे बाबासाहेबांच्या लेकरांना समजावून सांगायची गरज नाही.

तारीख पुन्हा वाचा. ६ जानेवारी २०१८. त्याच्या पाच दिवस आधी, १ जानेवारीला, भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड पडले. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला, आपल्या मध्य रेल्वेवरही गाड्या अडल्या. आणि त्याच आठवड्यात तिकडे, हजार-बाराशे किलोमीटरवर, हजारोंच्या गर्दीसमोर आपल्यासारखीच पोरं 'जयभीम' म्हणत गिटार वाजवत होती. कुणी ठरवून केलेलं नव्हतं हे. पण इतिहास अशा तारखा शेजारी-शेजारी ठेवतो आणि आपण त्या एकत्र वाचायच्या असतात.

आता नाव. 'कास्टलेस', जातविरहित. काही मित्रांना हे नाव खटकतं. म्हणतात, जात असताना जात नाही म्हणणं ही तर पांढरपेशांची लबाडी. एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण हे नाव सदाशिवपेठी 'आम्ही जातबित मानत नाही' या वाणातलं नाही. ते अयोतीदास पंडितांकडून आलेलं आहे. अयोतीदास — जन्म १८४५, मृत्यू १९१४. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ठणकावून सांगितलं की आम्ही अस्पृश्य हिंदू नाही, आम्ही जात नसलेले तमिळ आहोत. १८९८ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या अठ्ठावन्न वर्षं आधी! १९०७ पासून 'तमिळन' नावाचं साप्ताहिक चालवलं. म्हणजे ज्या नावाला आपण नाक मुरडतो ते नाव एका जुन्या बौद्धानं आपल्या लोकांसाठी लढून मिळवलेलं आहे. जात नाकारायचा हक्क जातीनं चिरडलेल्याला आहे. चिरडणाऱ्यानं तेच वाक्य उच्चारलं की ती लबाडी होते.

आणि 'गाना'. हा शब्द ऐकून आपल्याला आपलं 'गाणं' आठवतं, आणि आठवण चुकीच्या दिशेला जात नाही. उत्तर मद्रासच्या — रोयापुरम, व्यासरपाडी, पुळियांतोप — गोदी कामगारांच्या, गिरणी कामगारांच्या, सफाई कामगारांच्या वस्त्यांत हा प्रकार वाढला. मयताला रात्रभर बसून गातात तो गाना. आपल्याकडे मयताच्या घरी रात्री भजन बसतं ना, तसंच. पण गान्यात देव कमी आणि मेलेला माणूस जास्त. त्याचं काम, त्याची दारू, त्याची बायको, त्याची उधारी, सगळं गाण्यात. पुढं सिनेमानं गाना उचलला, पैसा केला, आणि गाणाऱ्या वस्तीला गुंडांची वस्ती म्हणून पडद्यावर दाखवलं. लावणीचं काय झालं ते आठवा. तोच हिशोब.

पराई हे वाद्यही तसंच. चामड्याचा ताशेवजा डफ. आपल्या हलगीचा सख्खा भाऊ. त्या वाद्यावरून परयार ही जात ओळखली गेली, आणि त्या जातीच्या नावावरून इंग्रजीत 'परया' हा शब्द गेला : वाळीत टाकलेला माणूस. विचार करा, जगाच्या शब्दकोशात आपल्या माणसाची शिवी म्हणून नोंद आहे आणि त्या शिवीच्या पोटात एक वाद्य आहे. बँडनं ते वाद्य मंचाच्या पुढं आणलं. विजेच्या गिटारीच्या शेजारी. गिटार पराईला सजवत नाही आणि पराई गिटारीला 'लोककलेचा टच' देत नाही. दोघं एकमेकांना ढकलतात, रेटतात. मिश्रसंगीत म्हणून बाजारात जे काही विकलं जातं त्यात लोकवाद्य म्हणजे ताटातली कोशिंबीर असते. इथं ते जेवण आहे.

आता त्या गाण्याकडे येतो.

२८ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं निकाल दिला की दहा ते पन्नास वयाच्या बायांना शबरीमलाच्या देवळात बंदी घालता येणार नाही. देशभर गदारोळ. त्या सालचं हे गाणं. त्यातली बाई आधी अय्यप्पाला इंग्रजीत 'सॉरी' म्हणते आणि मग विचारते की मी आत पाऊल टाकलं तर तुझं काय बिघडतं? एवढंच सूत्र. पुढं बाईच्या वाटेत घातलेल्या आडकाठ्यांचा जाब.

कागदावर हे काही फार मोठं नाही. असल्या ओळी आपल्याकडे कुठलाही कवी बसल्याजागी लिहील. मोठं आहे ते गायलेलं.

हा 'सॉरी' कसा म्हटलाय ते ऐका. मराठी भावगीतानं आणि सिनेमानं बाईच्या आवाजाचं एक माप ठरवून दिलंय : पातळ, उंच, गोड, शेवटी किंचित थरथरणारा. असा आवाज माफी मागतो तेव्हा तो मान खाली घालतो. सूर खाली उतरतो, श्वास मिसळतो, ऐकणाऱ्याला वाटतं की आता हिला माफ करून टाकावं. इसैवाणी यातलं काही करत नाही. तिचा आवाज बाईच्या ठरलेल्या पट्टीपेक्षा खालून येतो, छातीतून. त्याला एक खरखर आहे, नाकातली धार आहे. 'सॉरी'वर ती सूर वाकवत नाही, सपाट ठेवते. लोकलमध्ये गर्दीत पाय पडला तर आपण 'सॉरी' म्हणतो आणि पुढं सरकतो, तसा. म्हणजे हा शब्द रस्ता मागण्यासाठी वापरलाय. शब्द माफीचा, सूर वाट करून घेणाऱ्याचा. सगळं गाणं या फटीत उभं आहे.

दुसरं, ती हसते. खदखदून नाही, आवाजात हसते. जाब विचारताना आपली शाहिरी बहुतेक वेळा गर्जते. गर्जना लागतेच, पण तिचा एक तोटा आहे : गर्जणारा समोरच्याला मोठा करून ठेवतो. इसैवाणी देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलते. तुझ्या अंगणातून जाते रे जरा, असं. त्यामुळं देवळाच्या सगळ्या पायऱ्या एकदम जमिनीला टेकतात. ताकद लावून देव पाडता येतो किंवा नाही ते माहीत नाही, पण बरोबरीनं बोललं की तो आपोआप बरोबरीला येतो.

गेल्या एप्रिलात आमच्या दिव्यात जयंतीच्या मिरवणुकीची तालीम चालली होती. बेंजो, कच्छी, नाशिक ढोल, पॅड. (आपली बेंजो पार्टी हीच आपली रॉक पार्टी आहे हे माझं जुनं मत. बुलबुलतरंगला विजेची तार जोडून वस्तीनं तो भोंग्यात घातला, कुणा संगीत अकादमीला न विचारता.) मध्ये चहा आला तेव्हा मी पोरांना हे गाणं मोबाइलवर लावून दिलं. पोरांनी ताल लगेच उचलला. बोटं पत्र्यावर चालू झाली. मग एक जण म्हणाला, "ताल भारी हाय, पण बाई गाते का भांडते? टँकरवर भांडणाऱ्या बायांसारखा आवाज हाय."

सगळे हसले. मला ती आजवर ऐकलेली सगळ्यात नेमकी समीक्षा वाटली. दिव्यात ज्यांनी पाण्याचा टँकर येताना पाहिलाय त्यांना ठाऊक आहे तो आवाज. हंडा पुढं सरकवताना काढलेला. तो गोड असून चालत नाही, कारण गोड आवाजाला पाणी मिळत नाही. तो रडवेला असूनही चालत नाही. तो स्पष्ट, सपाट, दूरवर जाणारा आणि नंबर न सोडणारा असावा लागतो. आपल्या आया-बहिणींनी हा आवाज पिढ्यान्‌पिढ्या कमावलाय. फक्त त्याला आपण 'भांडण' म्हणतो, 'गाणं' म्हणत नाही. इसैवाणीनं तो मंचावर आणला आणि त्याच्यामागं पराई वाजवली. मुळात गाना हा पुरुषांचा प्रांत. उत्तर चेन्नईत वाढलेल्या या पोरीनं त्यात घुसून हे केलंय. २०२० साली बीबीसीनं जगातल्या शंभर बायांच्या यादीत तिचं नाव घेतलं. यादीचं मला फार कौतुक नाही. कौतुक याचं की तिनं मान्यता मिळावी म्हणून गळा गुळगुळीत करून घेतला नाही.

इथं एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिक होईल. आंबेडकरवाद्यांनी देऊळप्रवेशाचं गाणं गावंच कशाला? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षं गेली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी तो दरवाजाच कायमचा मागं टाकला. १९५६ ला तर प्रश्नच संपला. मग ज्या देवाला आपण सोडलं त्याच्या दारात पुन्हा उभं राहून 'येऊ का' म्हणायचं?

आक्षेप शब्दांना लागू पडतो, आवाजाला नाही. काळारामचा सत्याग्रह तरी देवासाठी कुठं होता? माणूस म्हणून हक्क मान्य होतोय का, हे तपासायला होता. दरवाजा बंद आहे हे जगाला दाखवण्यासाठी आधी दरवाजा ठोठवावा लागतो. इसैवाणीच्या गाण्यात भक्ती औषधालाही नाही. तिला आत जाऊन नारळ फोडायचा नाही. तिला आडकाठी मोडायची आहे. समजा हेच शब्द एखाद्या गोड गळ्याच्या गायिकेनं आळवून आळवून गायले असते, तर ते भजन झालं असतं, आणि आपला आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरला असता. म्हणून मी म्हणतो, गाण्याचं राजकारण फक्त शब्दात शोधू नका. एकच ओळ विनंती होऊ शकते किंवा नोटीस होऊ शकते. ते गळा ठरवतो.

ही नोटीस पोचायला सहा वर्षं लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुणीतरी हे जुनं गाणं पुन्हा उकरून काढलं. भावना दुखावल्या. पोलिसांत तक्रारी गेल्या, अटकेची मागणी झाली, बाईला शिव्या आणि धमक्या आल्या. नीलमनं पत्रक काढून तिची बाजू घेतली. बँड एकोणीस जणांचा, पण शिव्या मुख्यतः एकीला. लिहिणारा हात सुटतो, वाजवणारा हात सुटतो, गाणारा गळा धरला जातो. त्यात तो बाईचा असेल तर आधी.

आपल्याला हे नवीन नाही. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषदेत कबीर कला मंचानं गाणी म्हटली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्यापैकी सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना अटक झाली आणि गाणाऱ्यांची वर्षांमागून वर्षं तुरुंगात गेली. त्याआधी याच मंचाची शीतल साठे २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर स्वतः पोलिसांच्या हवाली झाली, तेव्हा ती गरोदर होती. शीतलचा आवाज ज्यानं आनंद पटवर्धनच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ऐकलाय त्याला मी काय सांगू! तो आवाज माइकशिवाय चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जाईल. आणि औरंगाबादच्या कडुबाई खरात : हातात एकतारी, कुणीतरी मोबाइलवर टिपलेली काही मिनिटं, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत आवाज. शीतल, कडुबाई, इसैवाणी. तिघींच्या भाषा, बाज वेगळे. पण तिघींच्या आवाजाला एकच खूण आहे. कुणाला आवडावा म्हणून तो लावलेला नाही.

आता बँडविषयी चार कडू शब्द. नुसती आरती ओवाळायची तर ती देवळात ओवाळतात.

एक, सिनेमाची सावली. पाठीशी मोठा दिग्दर्शक आहे म्हणून भोंगा मोठा मिळाला, हे खरं. पण त्यामुळं कधीकधी गाणं घोषणेच्या पोस्टरसारखं होतं. आरक्षणावर एक, गोमांसावर एक, उत्तर चेन्नईवर एक. विषयांची यादी पुरी करत चालल्यासारखं. गान्याचा जीव तपशिलात असतो, मयताच्या उधारीत. तो तपशील जिथं आहे तिथं बँड अजोड आहे. जिथं नुसती घोषणा आहे तिथं गिटार तिला वाचवू शकत नाही.

दोन, कोरस. पुरुषांचा जथा जोरात शिरतो तेव्हा तिचा आवाज मागं जातो. एकोणीस जणांत एक बाई हा हिशोब आपल्या चळवळीच्या मंचावरचाच आहे. तिथंही आपण मुलीला स्वागतगीत देतो आणि भाषणं स्वतः करतो.

तीन, बाजार. याच बँडमधला अरिवु. २०२१ च्या मार्चमध्ये त्याचं आणि धीचं 'एन्जॉय एंजामी' जगभर गाजलं. त्यात त्याची आजी आहे, मळ्यांतली मजुरी आहे, भूमिहीनांचा इतिहास आहे. ऑगस्टमध्ये एका बड्या इंग्रजी संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक गायक झळकले. अरिवु नव्हता. ओरड झाल्यावर मग त्याचं मुखपृष्ठ निघालं. आपला आवाज लागतो, आपलं तोंड लागत नाही. आपल्या शेजारच्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे आठवा. त्यांच्या आवाजात अवघा महाराष्ट्र पंढरीला चालत गेला. आषाढीला त्यांचा आवाज नाही असं गाव नसेल. पण मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना किती पानं दिली? २३ जून २००४ ला ते गेले. भीमगीतं आणि भक्तिगीतं एकाच गळ्यातून गाणाऱ्या त्या माणसाच्या आवाजावर गंभीरपणे लिहिलेलं एखादं पुस्तक आपण तरी काढलं का? मग बाहेरच्या मासिकाला शिव्या देण्याचा आपला हक्क अर्धाच राहतो.

मित्रांनो, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव आपण घेतलं, १९७२ ला त्यावरून आपली पँथर झाली. त्या पँथर पक्षाचा स्वतःचा बँड होता, 'द लम्पेन' नावाचा. १९७० मध्ये त्यांनी दोन गाण्यांची एक छोटी तबकडी काढली, तुरुंगातल्या बॉबी सीलच्या सुटकेसाठी. गाणारे सगळे पक्षाचे कार्यकर्ते. आपल्या पँथरनं कविता अशी दिली की मराठी भाषा हादरली. पण बँड दिला नाही. तो द्यायचं काम जलशांनी आधीच केलं होतं. भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेत होता. आपण तो धागा गायन पार्ट्यांच्या सामन्यांवर आणि आता डीजेच्या भिंतीवर सोडून दिला. डीजेला माझा विरोध आवाज मोठा आहे म्हणून नाही. त्यात आपला गळा नाही म्हणून आहे. पोरं नाचतात, गात कुणी नाही.

चेन्नईहून शिकायचं ते सूट आणि गिटार नव्हे. गिटार हप्त्यावर मिळते. शिकायचं ते हे की त्यांनी मयताच्या गाण्याला लाज न बाळगता मंचावर आणलं. आपल्याकडे काय कमी आहे? हलगी आहे, संबळ आहे, दिमडी आहे. कोकणातून दिव्यात येऊन राहिलेल्यांची जाखडी आहे, आगरी-कोळी शेजाऱ्यांचा ढोल आहे, मराठवाड्यातून आलेल्या आयांच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, ज्यात बाबासाहेब भाऊ होऊन येतात. आणि टँकरवरचा तो आवाज आहे.

तर पुढच्या १४ एप्रिलसाठी माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक गाण्याच्या आधी लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव माइकवरून सांगा. बेंजोच्या गाडीवर एक माइक मुलींसाठी राखून ठेवा आणि त्यांना गोड गा म्हणू नका. आणि वस्तीत जी कुणी म्हातारी ओव्या म्हणते तिच्यापुढं मोबाइल धरा, तिला विचारून, तिचं नाव घालून. तो आवाज उद्या राहणार नाही.

या गाण्यावर कुणाला माझ्याशी भांडायचं असेल तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. देऊळप्रवेशाचा मुद्दा अजून संपलेला नाही. फक्त लिहायच्या आधी गाणं दोनदा ऐका. एकदा अर्थासाठी, आणि एकदा नुसत्या गळ्यासाठी.

जयभीम.